ऑब्सिडियनमध्ये विचाराचे साचे कसे बसवायचे, आपल्या रोजच्या मराठीत

बऱ्याच जणांच्या फोनमध्ये नोट्स भरपूर असतात, किराणा, कुठल्यातरी व्हिडिओतून उतरवलेले मुद्दे, लिंका, मीटिंगचे तुकडे, आणि तरी घरात किंवा कामात खरंच काही ठरवायची वेळ आली की ते सगळं बाजूला राहतं आणि माणूस रात्री पंख्याकडे बघत तेच चार मुद्दे डोक्यात फिरवत बसतो. ऑब्सिडियनसारखं नोट्सचं अ‍ॅप साठवायला चांगलं आहेच, पण त्यात बसून विचार पण करता येतो, आणि त्यासाठी जे फ्रेमवर्क, म्हणजे विचाराचे साचे, लागतात ते काही अवघड नाहीत, लोक कागदावर कितीतरी वर्षांपासून हेच करून राहिले. इथे नागपुरात माझ्या आजूबाजूला अभ्यासिकेत बसणारी पोरं आहेत, मिहानच्या कंपन्यांत जाणारे आहेत, छोटा धंदा करणारे आहेत, त्यांच्यासोबत बसून जे साचे खरंच वापरात राहिले तेवढेच खाली सांगतोय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टेम्पलेटमध्ये, म्हणजे साच्यात, नुसती हेडिंगं टाकू नका, प्रश्न टाका, पूर्ण वाक्यात, आपण बोलतो तशा मराठीत, आणि प्रत्येक नोटला ती परत उघडायची तारीख द्या. "फायदे" असं हेडिंग दिसलं की कुणीही दोन शब्द टाकून पुढे सरकतो, पण "यातून नेमका कुणाचा फायदा होतो आणि कधीपासून?" असं समोर लिहिलेलं असलं की थांबावंच लागतं. इंटरनेटवरून उतरवलेली सुंदर सुंदर टेम्पलेटं आठवडाभरात पडून राहतात त्याचं कारण मला हेच वाटतं, त्यात रकाने असतात, विचारणारं कुणी नसतं.

मांडणी, एकदाच करायची

ऑब्सिडियन का, तर ते फुकट आहे, ऑफिसच्या कामाला वापरायचं असलं तरी २०२५ पासून लायसन्स विकत घ्यायची सक्ती राहिली नाही, आणि नोट्स मार्कडाउन म्हणजे नुसत्या मजकुराच्या साध्या फाईल्स म्हणून तुमच्याच लॅपटॉपवर किंवा फोनवर एका फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, त्या फोल्डरला ते व्हॉल्ट म्हणतात. उद्या हे अ‍ॅप बंद झालं तरी फाईल नोटपॅडमध्ये उघडेल. नोशन हे असंच दुसरं नोट्सचं अ‍ॅप वापरत असाल तर तिथेही हेच जमतं, डेटाबेसला टेम्पलेट लावता येतं, तारखेचा रकाना देता येतो, बटणं वेगळ्या जागी आहेत एवढंच.

व्हॉल्टमध्ये "साचे" नावाचा एक फोल्डर बनवा. मग सेटिंग्जमध्ये कोअर प्लगिन्समध्ये जाऊन टेम्पलेट्स आणि डेली नोट्स हे दोन चालू करा, आणि टेम्पलेट्सच्या सेटिंगमध्ये टेम्पलेट फोल्डर लोकेशन विचारतं तिथे "साचे" द्या. झालं. आता त्या फोल्डरमधली प्रत्येक साधी नोट म्हणजे एक साचा. वापरायचा असला की नवीन नोट उघडायची, कंट्रोल आणि पी दाबून कमांड पॅलेट काढायचं, इन्सर्ट टेम्पलेट निवडायचं आणि साचा आत येतो.

प्रत्येक साच्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत तीन आडव्या रेघा (---) टाइप केल्या की प्रॉपर्टीजची, म्हणजे नोटबद्दलच्या माहितीच्या रकान्यांची, चौकट उघडते. त्यात दोनच ठेवा: "स्थिती" साधा मजकूर म्हणून, आणि "परत बघा", तिचा प्रकार तारीख करा. लोक इथे उत्साहात दहा-बारा प्रॉपर्टी बनवतात, मूड, ऊर्जा, प्राधान्य, आणि मग नोट उघडायचाच कंटाळा येतो. दोन पुरतात.

नोटच्या नावात प्रश्नचिन्ह आणि कोलन टाकू नका, विंडोज आणि अँड्रॉइडवर फाईलच्या नावात ते चालत नाही. "पुण्याला जाऊ का" एवढंच लिहा, प्रश्न आहे हे कळतंच.

निर्णयाचा साचा

एकच साचा घ्यायचा असेल तर हा घ्या.

ही पद्धत जुनी आहे. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला लॉर्ड शेलबर्नकडून नोकरीचं बोलावणं आलं आणि काय करावं ते कळेना म्हणून त्याने बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं, तर फ्रँकलिनने काय ठरव ते सांगितलं नाही, कसं ठरव ते पत्रात लिहून पाठवलं. कागदाच्या मधोमध रेघ मार, एकीकडे होकाराची कारणं, दुसरीकडे नकाराची, तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसं लिहीत जा, मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोड, इकडचं एक तिकडच्या दोघांएवढं जड असेल तर तिन्ही खोड, शेवटी जे उरेल त्यावरून पारडं कुठे झुकलं ते दिसतं. लोक यातला रेघ मारायचा भाग तेवढा उचलतात आणि तीन-चार दिवसांचा भाग सोडून देतात, आणि माझ्या मते खरा गुण तिथेच आहे, कारण ज्या दिवशी साहेबाने सगळ्यांसमोर झापलं त्या दिवशी नोकरी सोडायची वीस कारणं सुचतात आणि रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन घरी बसलं की त्यातली चारच शिल्लक राहतात. दोन्ही दिवसांचं लिहिलेलं एका जागी दिसलं पाहिजे.

माझ्या साच्यात हे प्रश्न आहेत, असेच्या असे उतरवून घ्या आणि मग आपल्या बोलीत बदला:

नेमकं काय ठरवायचंय, एका ओळीत, मित्राला सांगावं तसं?
कोणत्या तारखेपर्यंत मी काहीच केलं नाही तर ते आपोआप ठरून जाईल?
हो आणि नाही सोडून तिसरा रस्ता कोणता?
प्रत्येक रस्त्याच्या बाजूने काय आणि विरोधात काय, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख टाकून?
कोणती गोष्ट कळली तर माझं मत बदलेल, आणि ती कुणाला विचारता येईल?
ठरवल्यावर: वर्षभराने काय झालेलं असेल असं आज वाटतं, आणि किती टक्के खात्री आहे?

आता हे चालतं कसं ते बघा. समजा तुम्ही मिहानमध्ये एका कंपनीत आहात आणि पुण्याची ऑफर आली, महिन्याला बारा हजार जास्त. नागपुरातल्या अर्ध्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पहिल्या दिवशी बाजूने लिहिलं पगार, मोठी टीम, नवीन टेक्नॉलॉजी शिकायला मिळेल. विरोधात लिहिलं रूमचं भाडं, मेस, दिवाळीत घरी यायचं तर ट्रॅव्हल्सचं तिकीट चढलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आठवलं की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. तिसऱ्या दिवशी पाचव्या प्रश्नावर अडलात, काय कळलं तर मत बदलेल, तर खरा खर्च, म्हणून हिंजवडीला राहणाऱ्या मित्राला फोन केला आणि भाडं, डिपॉझिट, जेवण, येणं-जाणं असे आकडे घेतले. आकडे घेतल्यावर पगारातली वाढ आणि तिकडचा खर्च जवळपास सारखे निघाले, म्हणून दोन्ही खोडले. ऑब्सिडियनमध्ये ओळीच्या आधी आणि नंतर दोन-दोन टिल्डे म्हणजे ~~ टाकले की ओळीवर रेघ येते पण ओळ वाचता येते, डिलीट करू नका, खोडा, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला बघायचं असतं की काय खोडलं होतं. उरलं काय, एका बाजूला शिकायला मिळणं आणि दुसऱ्या बाजूला मार्चमधलं ऑपरेशन. आणि एवढंच उरल्यावर तिसरा रस्ता डोळ्यासमोर आला की एचआरला विचारून जॉइनिंग एप्रिलमध्ये मागता येते का. डोक्यात फिरवताना हा रस्ता सापडत नव्हता कारण पगार आणि भाडं सगळी जागा अडवून बसले होते.

तिसऱ्या रस्त्याचा प्रश्न रिकामा सोडायचा मोह होतो. सोडू नका, काहीतरी लिहाच, अगदी अव्यवहारी असलं तरी चालेल.

शेवटच्या अंदाजाच्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त सांगायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त टाळला जातो तो हाच. १९७५ मध्ये बारुक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला होता, त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईची माहिती वाचायला दिली आणि वेगवेगळ्या गटांना शेवट वेगवेगळा सांगितला, कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले असं. मग विचारलं की शेवट माहीत नसता तर तुम्हाला काय होईल असं वाटलं असतं, तर प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला शेवटच जास्त शक्य वाटला. म्हणजे निकाल कळला की आपलं मन मागचा अंदाज गुपचूप बदलून टाकतं आणि "मला वाटलंच होतं" असं आपण अगदी मनापासून म्हणतो. यावर उपाय एकच, निकाल लागायच्या आधी तारखेसकट लिहून ठेवणं. "७० टक्के वाटतं की वर्षभरात टीम बदलून चांगलं काम मिळालेलं असेल" असं लिहिलेलं असलं की वर्षाने त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि चार-पाच निर्णय झाल्यावर आपलं ७० टक्के म्हणजे खरं किती असतं याचा अंदाज यायला लागतो, हे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने कळत नाही.

काहून, काहून, काहून

दुसरा साचा बिघाडासाठी. माझ्या फोल्डरमध्ये त्याचं नाव "काहून" असंच आहे, आमच्याकडे का ला काहून म्हणतात. पद्धत टोयोटाची, साकिची टोयोडापासून चालत आलेली आणि ताइइची ओनोने कारखान्यात पक्की केलेली: काही बिघडलं की पाच वेळा का विचारा. ओनोचं प्रसिद्ध उदाहरण मशीन बंद पडल्याचं आहे, फ्यूज उडाला, कारण लोड जास्त झाला, कारण बेअरिंगला तेल पोचत नव्हतं, कारण पंप तेल ओढत नव्हता, कारण पंपाचा दांडा झिजला होता, आणि तो झिजला कारण जाळी नसल्याने धातूचा चुरा आत जात होता. फ्यूज बदलून मोकळे झाले असते तर मशीन परत बंद पडली असती.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ज्याची त्याची तक्रार एकच, कूलर थंड हवा देत नाही. त्याच्यावर हा साचा चालवून बघा.

काय बिघडलं, कारण न घालता, दिसतं तसं? कूलर चालू आहे पण हवा गरम येऊन राहिली.
का? ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या, अर्ध्या कोरड्या आहेत. कशावरून? हात लावून बघितलं, वरचा भाग ओला, खाली डाव्या बाजूला कोरडी.
का? वरच्या पाइपातून सगळीकडे पाणी पडत नाही. कशावरून? झाकण काढून बघितलं, डावीकडच्या भोकांतून थेंबच नाही.
का? भोकं क्षारांनी बुजली. कशावरून? पांढरा थर आहे, टाचणीने खरवडला तर निघतो.
का? टाकीत बोअरचं पाणी भरतो आणि तेच पाणी आठवडेच्या आठवडे फिरत राहतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि घट्ट होत जातात.
का? टाकी रिकामी करायचा दिवस ठरलेला नाही, पाणी कमी झालं की वरून भरतो.

पहिल्याच उत्तरावर थांबलं असतं तर नवीन ताट्या आणल्या असत्या, पैसे गेले असते आणि महिन्याभरात परत तेच. आता उपाय फुकटात निघाला, टाचणीने भोकं साफ करायची, दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, जमेल तेव्हा नळाचं पाणी भरायचं. आणि टाकी दर आठवड्याला कोरडी केली तर डेंग्यूच्या डासांची अंडी पण त्यात वाढत नाहीत, हा फायदा वेगळाच.

यात "कशावरून?" हा प्रश्न मी प्रत्येक का नंतर मुद्दाम घातलाय आणि तो कृपया काढू नका. नुसतं का, का, का विचारत गेलं की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पाच कारणं रचतो, छान साखळी तयार होते आणि ती पूर्ण कल्पनेतली असते. कशावरून विचारलं की उठून झाकण काढून बघावं लागतं. दुसरं, एखाद्या का ला दोन उत्तरं निघाली तर दोन्ही ठेवा, बुलेट देऊन टॅब दाबला की ओळ आत सरकते, अशा दोन फांद्या करा आणि दोन्ही खाली न्या. आणि तिसरं, उत्तर "त्याचं लक्ष नव्हतं" किंवा "ती निष्काळजी आहे" असं आलं तर तिथे कधीच थांबू नका, आणखी एकदा विचारा की लक्ष नसलं तरी चूक होणार नाही अशी व्यवस्था का नव्हती. ऑफिसमध्ये हा साचा चारचौघांत वापरत असाल तर हे फारच महत्त्वाचं आहे, नाहीतर पाच का म्हणजे एका माणसाची उलटतपासणी होऊन जाते आणि पुढच्या वेळी कुणी खरं बोलत नाही.

पाच हा आकडा काही पवित्र नाही, वरच्याच उदाहरणात शेवटी आणखी एक फांदी काढता आली असती. आपल्या हातात असलेलं काहीतरी सापडलं की थांबायचं.

आधीच केलेलं पोस्टमॉर्टेम

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये प्रीमॉर्टेमबद्दल लिहिलं होतं. काम सुरू करायच्या आधी असं धरायचं की ते पूर्ण फसलेलं आहे, आणि मग का फसलं ते लिहायचं. काय चुकू शकतं असं विचारलं की लोक दोन गुळमुळीत मुद्दे सांगतात, फसलंच असं सांगून टाकलं की जीभ मोकळी होते, विशेषतः ज्यांना आधीपासून शंका होती पण उत्साहावर पाणी टाकायचं नव्हतं त्यांची. म्हणून साच्यातलं पहिलं वाक्य भूतकाळातच लिहून ठेवा: "आजपासून सहा महिने झाले. हे काम बंद पडलं. काय काय झालं होतं?"

समजा कुणी हिंगणा रोडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला मेस सुरू करायच्या बेतात आहे. जागा बघून झाली, आचारी ठरला, सगळे खूश. आता तो आणि घरचे दोघे-तिघे बसून वेगवेगळं लिहितील, आधी एकमेकांना न दाखवता, हे महत्त्वाचं, मग सगळं एका नोटमध्ये आणतील. काय निघेल? परीक्षा संपल्या की पोरं गावी गेली आणि दीड-दोन महिने गिऱ्हाईकच नव्हतं पण भाडं चालू होतं. आचारी लग्नसराईत आठ दिवस गावी गेला आणि पोळ्या करायला कुणी नव्हतं. उधारी वाढली, महिना संपल्यावर देतो म्हणणारे सेमिस्टर संपल्यावर दिसलेच नाहीत. एप्रिल-मे मध्ये भाजी दुपारपर्यंत टिकेना, फ्रिज छोटा पडला. रोज तीच भाजी म्हणून पोरांनी दुसरी मेस धरली.

मग प्रत्येक कारणाखाली दोन प्रश्न: हे होऊन राहिलं याची पहिली खूण काय दिसेल, आणि आत्ता काय केलं तर बसणारा फटका अर्धा होईल? उन्हाळ्याच्या सुट्टीचं उत्तर सुरू करायच्या आधीच द्यावं लागतं, घरमालकाशी त्या दोन महिन्यांच्या भाड्याचं बोलून घेणं किंवा तेवढ्या काळात ऑफिसच्या डब्यांकडे वळणं. उधारीचं उत्तर म्हणजे पैसे महिन्याच्या आधी. ही सगळी कामं ओळीच्या सुरुवातीला - [ ] टाकून लिहिली की टिकमार्कची चौकट बनते आणि नोट वाचून सोडून द्यायची राहत नाही, कामाची यादी होते.

हे करताना मेस उघडूच नये असं कुणाला वाटायला लागेल, पण तो प्रश्न निर्णयाच्या साच्यातला आहे, दोन्ही एका नोटमध्ये मिसळू नका. एक नोट उघडायची की नाही याची, दुसरी उघडायचं ठरलंय तर काय सांभाळायचं याची, आणि दोघींना एकमेकींची लिंक द्या.

घरातल्या बैठकीसाठी सहा टोप्या

विचार कसा करावा यावर लिहिणाऱ्या एडवर्ड डी बोनोची ही पद्धत १९८५ ची आहे, ऑफिसात ती बरीच वापरून जुनी झाली, पण मला ती घरातल्या मोठ्या निर्णयांना जास्त उपयोगी वाटते. महाल भागातलं जुनं घर पाडून बांधायचं का, असा विषय निघाला की काका आकडे बोलतात, आजी रडते, आणि दोघांना वाटतं समोरचा ऐकतच नाही. इथे एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची. पांढरी म्हणजे फक्त माहिती, लाल म्हणजे फक्त भावना, काळी धोका, पिवळी फायदा, हिरवी नवीन कल्पना, आणि निळी म्हणजे बैठक चालवणाऱ्याची, आता कोणती टोपी आणि किती वेळ हे ठरवणारी.

नोटमध्ये सहा हेडिंगं करा, प्रत्येकाखाली एक प्रश्न, आणि ज्या टोपीचं चाललंय तेवढंच उघडं ठेवून बाकीची हेडिंगं बाजूच्या बाणाने मिटवून ठेवा. कुणी एकाने टाइप करायचं, फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं, बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक तसेच येतात. लाल टोपीखाली साच्यात मी लिहून ठेवलंय, "कारण न देता सांगा, कसं वाटतंय?" आजीला तिथे "मन होत नाही" एवढंच म्हणायचा पूर्ण हक्क मिळतो, कुणी का म्हणून विचारत नाही, आणि ते एकदा लिहिलं गेलं की पुढे खर्चाचं बोलताना ती पण शांतपणे बोलते.

तातडीचं आणि महत्त्वाचं अशी चार खणांची चौकट खूप जण विचारतात. तिला अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवरचं नाव आहे, पण तातडीचं ते महत्त्वाचं नसतं हे वाक्य त्याने १९५४ च्या भाषणात दुसऱ्याचं म्हणूनच सांगितलं होतं. रोजची कामं लावायला ठीक आहे, कागदावर दोन मिनिटांत होते, तिच्यासाठी साचा बनवायची मला गरज वाटली नाही.

तारखेची लिंक आणि मराठीतली शोधाशोध

कागदापेक्षा हे अ‍ॅप खरंच पुढे जातं ते इथे. डेली नोट्स चालू असलं की रोजची नोट त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने बनते, वर्ष-महिना-दिवस अशी. निर्णयाच्या नोटच्या शेवटी तुम्ही दोन चौकोनी कंसांत पुढची तारीख लिहा, [[2027-01-15]] अशी, ती नोट आज अस्तित्वातच नसली तरी चालतं. त्या दिवशी सकाळी डेली नोट उघडली की बॅकलिंक्समध्ये, म्हणजे या नोटची लिंक जिथे जिथे आहे त्या नोट्सच्या यादीत, तुमची जुनी नोट समोर येऊन उभी राहते. बॅकलिंक्सच्या सेटिंगमध्ये त्या नोटच्या खालीच दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा म्हणजे बाजूचं पॅनल उघडायची गरज नाही. अ‍ॅपची भाषा इंग्रजी असेल तर तारीख इंग्रजी अंकांतच टाइप करा, फाईलचं नाव त्याच अंकांत बनतं, मराठी अंक टाकले तर ती वेगळीच नोट धरली जाते आणि आठवण येत नाही. रोज डेली नोट उघडायची सवय नसेल तर २०२५ मध्ये आलेलं बेसेस प्लगिन वापरा, "परत बघा" या प्रॉपर्टीवर लावलेला तक्ता बनतो, जवळची तारीख वर.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण येते जी इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. "पुणे" शोधलं तर "पुण्याला", "पुण्यात" असं लिहिलेलं सापडत नाही, कारण प्रत्यय लागताना शब्दच बदलतो. शोधताना शब्दाचा न बदलणारा तुकडा टाका, "पुण" टाकलं की तिन्ही येतात, "नागप" टाकलं की नागपूर आणि नागपुरात दोन्ही येतात. आणि महत्त्वाच्या गोष्टींना लिंक करताना मध्ये उभी रेघ वापरा, [[पुणे|पुण्याला]] असं, वाचताना पुण्याला दिसतं पण जोडलं जातं पुणे या एकाच नोटला. माणसांच्या, गावांच्या, कामांच्या नोट्ससाठी हे पहिल्या दिवसापासून करा, मागाहून करायला फार वेळ जातो.

परत बघायच्या दिवशी जास्त काही नसतं. जुनी नोट आधी पूर्ण वाचायची, वरचं काहीही बदलायचं नाही, आणि खाली तीन ओळी: काय झालं, अंदाज कुठे बरोबर आणि कुठे चुकला, आणि कोणती माहिती तेव्हा मिळू शकत होती पण घेतली नाही. निकाल वाईट लागला म्हणजे निर्णय वाईट होता असं लगेच लिहू नका. पुण्याला गेलात आणि सहा महिन्यांत कंपनीने प्रोजेक्टच बंद केला, तर तेव्हाच्या माहितीवर तुम्ही नीट ठरवलं होतं का, एवढंच नोटवरून तपासा. आणि याच्या उलटं पण असतं, नशिबाने चांगलं झालेलं, ते पण तसंच लिहा. पुढच्या वेळी साच्यात एखादा प्रश्न वाढवावा असं या तीन ओळींतूनच कळतं. पाचव्या प्रश्नातलं "ती कुणाला विचारता येईल" हे असंच नंतर जोडलेलं आहे.

व्हॉल्टची कॉपी मात्र दुसरीकडे ठेवाच. ऑब्सिडियनचं स्वतःचं सिंक पैसे देऊन मिळतं, आयफोनवाल्यांना आयक्लाउड चालतं, अँड्रॉइड आणि लॅपटॉपमध्ये सिंकथिंग नावाचं अ‍ॅप फुकटात काम करतं, आणि यातलं काहीच करायचं नसेल तर महिन्यातून एकदा आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. वर्षभराच्या नोट्स पण सगळ्या मजकुराच्याच असल्याने काही एमबीच्या वर जात नाहीत.